आमच्या ऑफिसचं फेसबुक पेज माझ्या गळ्यात पडलंय, जाणकारांनी मदत करा

दांडियाबाजारकर | १२ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. फार दिवसांनी धागा काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

मी बडोद्यात एका सरकारी उपक्रमाच्या विभागीय ऑफिसात हिशेब खात्यात आहे. कुठल्या ते विचारू नका, तुमच्या घरी आमचं बिल येतं आणि वर्षातून दोनदा आम्ही तुमची गल्ली खणतो एवढं पुरे. खणणारे आम्ही एकटेच नाही त्यामुळे ओळखता येणार नाही :-)

तर सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. वरून परिपत्रक आलंय की सगळ्या विभागीय ऑफिसांनी १ जुलैपासून सोशल मीडियावर सक्रिय व्हावं. 'सक्रिय' हा शब्द दीड पानात सहा वेळा आहे, कशासाठी ते एकदाही नाही. साहेब म्हणाले तू लिहितोबिहितोस ने, मग हे तूच बघ. लिहितोबिहितोस म्हणजे काय तर २०११ साली मंडळाच्या स्मरणिकेत मी लीलो चिवड्यावर दोन पानं लिहिली होती, ती साहेबांच्या मिसेसनी वाचली होती. इतक्या वर्षांनी भोवली.

माझी गोची अशी आहे की पेज आधीच आहे. चार वर्षांपूर्वी एजन्सीच्या एका मुलाने काढलेलं. शेवटची पोस्ट स्वच्छता पंधरवड्याची, फोटोत नऊ माणसं आणि एक झाडू. तिच्याखाली सत्तेचाळीस कमेंट, मी मोजल्या, झाडूबद्दल दोन, बाकी सगळ्या तक्रारी, उत्तर एकालाही नाही. एका बाईंनी तर चारदा तीच तक्रार लिहिलीय, पहिल्यांदा 'आदरणीय साहेब' पासून आठ ओळी, चौथ्यांदा नुसता ग्राहक नंबर आणि तीन उद्गारचिन्हं. आणि हे पेज बंदही करता येत नाही कारण पासवर्ड कोणाकडेच नाही, मुलगा सोडून गेला, पेज त्याच्या स्वतःच्या मोबाईलवर काढलेलं, ओटीपी त्यालाच जातो आणि तो सध्या सुरतला कापडाच्या दुकानात आहे. फोन केला तर म्हणाला साहेब दुपारी गिऱ्हाईक असतं, रात्री करा.

साहेबांना रोज एक पोस्ट हवी आहे, गुड मॉर्निंगसकट. पोस्ट टाकायला दहा मिनिटं लागतात हो, पण खाली जे येणार त्याचं काय करायचं? मी हिशेबातला माणूस, माझ्याकडे ना तक्रारखात्याचा अधिकार ना साईटवरच्या इंजिनियरचा नंबर. कोणी सरकारी-निमसरकारी ठिकाणी हे केलंय का? 'नाही म्हणून सांग' हा सल्ला सोडून काहीही सांगा, रिटायर व्हायला अजून अकरा वर्षं आहेत.

सयाजीगंजचा_सोट्या | १२ जून, रात्री १०:५८

नऊ माणसं एक झाडू =)) फोटो टाका की.

सुरसागर_काठी | १२ जून, रात्री ११:२०

मी ग्राहकाच्या बाजूने लिहिते, चालेल ने?

गेल्या वर्षी आमच्या बँकेच्या, सरकारी बँकच, पेजवर मी लिहिलं की सासूबाईंची पेन्शन दोन महिने जमा झाली नाही. दहा मिनिटांत उत्तर! लोगो तोच, नावात बँकेचं नाव आणि पुढे 'सहायता', भाषा इतकी गोड की मीच विरघळले. मॅडम तुमचा नंबर इनबॉक्स करा. केला. लगेच फोन. एक ॲप डाउनलोड करा म्हणे, मग कार्डावरचे आकडे. मी पर्स उघडून कार्ड हातात घेतलं होतं, तेवढ्यात आमचे हे भाजी घेऊन आले आणि कोणाशी बोलतेस म्हणून विचारलं, म्हणून वाचले. खऱ्या बँकेचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, 'आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे, कृपया शाखेशी संपर्क साधा'. म्हणजे चोर दहा मिनिटांत हजर आणि बँक तिसऱ्या दिवशी.

तुम्ही उशीर केलात तर मधल्या वेळात तुमच्या नावाने कोण बोलेल याचा विचार करा. त्या सत्तेचाळीस लोकांतल्या किती जणांना असे फोन गेले असतील देव जाणे, चार वर्षं त्यांचे ग्राहक नंबर उघड्यावर पडलेत.

दांडियाबाजारकर | १२ जून, रात्री ११:३५

बाप रे. हे डोक्यातच नव्हतं आलं. त्या कमेंटमध्ये मोबाईल नंबर पण आहेत लोकांचे. उद्याच सुरतला परत फोन लावतो.

आबासाहेब_निवृत्त | १३ जून, सकाळी ६:१०

सुप्रभात. मी ३४ वर्षे केंद्र सरकारच्या सेवेत होतो. माझे मत स्पष्ट आहे, सरकारी नोकराने या फंदात पडू नये. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम १९६४ मधला नियम ९ वाचा, सरकारवर टीका करता येत नाही, आणि नियम ११, अधिकार नसताना सरकारी माहिती बाहेर देता येत नाही. राज्यांचे आणि उपक्रमांचे नियम वेगळे असतात पण सूर तोच. उद्या आपण भाबडेपणाने लिहाल की पाईप जुना होता म्हणून फुटला, झाली टीका आणि झाली माहिती बाहेर. कागद मागतील तेव्हा साहेब म्हणतील मी तोंडी काहीच बोललो नव्हतो. आधी लेखी ऑर्डर घ्या. तोपर्यंत गुड मॉर्निंग पण नको.

फाइल_फिरवणारी | १३ जून, दुपारी १:१५

आबासाहेबांच्या लेखी ऑर्डरला शंभर टक्के अनुमोदन, बाकीच्याला अर्ध. ते नियम तुम्ही स्वतःच्या अकाउंटवरून स्वतःची मतं मांडली तर आधी लागतात. ऑफिसने नेमून दिलेल्या माणसाने, ठरलेल्या हद्दीत, ऑफिसच्या नावाने दिलेलं उत्तर ही वेगळी गोष्ट. ती हद्द कागदावर आखून घ्यायची, एवढंच.

मी दुसऱ्या एका खात्यात हेच काम तीन वर्षं केलंय म्हणून थोडं लांबड लावते. एप्रिल २०१२ मध्ये दिल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि आयटी विभागाने सरकारी संस्थांनी सोशल मीडिया कसा वापरावा याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. जुनी आहेत, त्यानंतर ट्विटरचं एक्स झालं, रील आलं, तरी सांगाडा अजून कामाचा आहे कारण त्यातला क्रम बरोबर आहे. पहिलं, आपल्याला हे कशासाठी हवंय. मग कुठला मंच. मग कारभार, म्हणजे अकाउंट कोणाच्या नावाने, कोण लिहिणार, कोण उत्तर देणार, किती वेळात, नोंदी कुठे ठेवणार, कायद्याचं काय. मग संवाद कसा करायचा, मग छोट्या प्रमाणावर करून बघायचं, मग आलेल्या प्रतिसादावरून काय शिकलो ते बघायचं आणि शेवटी ते ऑफिसच्या रोजच्या कामात मुरवायचं. तुमच्या परिपत्रकाने एकदम दुसऱ्या पायरीवर उडी मारलीय, पहिली गायब, तिसरी तर नाहीच. आमच्याकडेही हेच झालं होतं, हा रोगच आहे.

आता तुमच्या टिपणात काय हवं ते सांगते. ऑफिसच्या नावावर एक सिम आणि ऑफिसचा ईमेल, कोणाचा खासगी नाही. पेजला दोन-तीन ॲडमिन, प्रत्येकाला आपापल्या लॉगिनने अधिकार, पासवर्डची चिठ्ठी ड्रॉवरमध्ये नको. कोणी बदलून गेलं की त्याचा अधिकार काढायचा, चार्ज देताना कपाटाच्या किल्ल्या सोडतो तसं. आलेल्या तक्रारीचा आणि दिलेल्या उत्तराचा स्क्रीनशॉट तारखेसकट रजिस्टरला, कारण उद्या कोणी २००५ च्या माहिती अधिकाराखाली विचारलं की माझ्या तक्रारीचं काय केलं तर 'ते फेसबुकवर होतं' हे उत्तर चालणार नाही. लोकांचे नंबर उघड्या कमेंटमध्ये राहू द्यायचे नाहीत, वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ मध्ये झालाय. आणि पेजच्या वरच लिहायचं, आम्ही इतक्या ते इतक्या वेळात उत्तर देतो, तातडीचं असेल तर हा फोन करा. लोक वाट बघायला तयार असतात, किती ते कळलं की.

सयाजीगंजचा_सोट्या | १३ जून, दुपारी २:०२

>> दीड पानात सहा वेळा सक्रिय

ह्यावरून आठवलं. २००९ साली ब्रिटनच्या एका सरकारी खात्याने ट्विटर कसं वापरावं याचा वीस पानी मसुदा काढला होता. वीस पानं! तेव्हा एका ट्वीटला १४० अक्षरं मिळायची. त्यात लिहिलेलं की दिवसाला २ ते १० ट्वीट करावेत आणि दोन ट्वीटमध्ये निदान अर्धा तास जाऊ द्यावा. तिकडच्या पेपरवाल्यांनी जाम खेचली होती. पण आत्ता हा धागा वाचताना वाटतंय की तो लिहिणारा शहाणा होता, त्याला माहीत होतं की आपल्या साहेबाला एकशे चाळीस अक्षरांची नाही तर परवानगीची भीती आहे, आणि वीस पानं समोर टाकली की साहेब लोकांचा जीव भांड्यात पडतो.

काका तुम्ही पण वीस पानं लिहा, चिवड्यावर दोन लिहिली होतीतच.

लालबागचा_गार्ड | १३ जून, रात्री ९:४५

रेल्वेत होतो, प्रतापनगरला, म्हणून दोन शब्द.

सुरेश प्रभू नोव्हेंबर २०१४ ला रेल्वेमंत्री झाले आणि सप्टेंबर २०१७ पर्यंत होते, त्या काळात ट्विटरवर तक्रार टाकली की पुढच्या स्टेशनवर माणूस डब्यात येतो अशा बातम्या रोज पेपरात. बाळाला दूध पोचवलं, आजारी माणसाला डॉक्टर पाठवला. लोकांना वाटलं ट्विटरची जादू. अरे बाबा, डिव्हिजनचा कंट्रोल इंग्रजांच्या काळापासून चोवीस तास जागा असतो, गाडी कुठल्या सेक्शनमध्ये आहे, पुढचं स्टेशन कुठलं, तिथे ड्युटीला कोण, हे त्याला झोपेतही माहीत. त्या कंट्रोलला एक नवीन कान फुटला एवढंच झालं. ट्वीट दिल्लीत वाचलं, डिव्हिजनला टाकलं, कंट्रोलरने स्टेशनला फोन फिरवला, काम झालं. पुढे ते सगळं नीट बसवून रेल मदद आलं, १३९ नंबर आला.

आणि एक गंमत सांगतो. मंत्र्यांकडून थेट उत्तर येतंय म्हटल्यावर लोक काहीही विचारायला लागले. सुषमाबाई स्वराज परराष्ट्रमंत्री होत्या, त्यांना २०१६ मध्ये एकाने बिघडलेल्या फ्रीजची तक्रार पाठवली होती. बाईंनी उत्तर दिलं की भाऊ, फ्रीजच्या बाबतीत मी काही करू शकत नाही, मी संकटात सापडलेल्या माणसांत गुंतलेय. असं उत्तर द्यायला पण अधिकार लागतो. तुम्ही दिलंत तर मेमो येईल.

तेव्हा साहेबांना एवढंच विचारा, आपला कंट्रोल कोण? रात्री नऊ वाजता तक्रार आली तर फोन कोणाला लावायचा? नाव नसेल तर पेज काढून उपयोग नाही, लोकांना कळेल की आत कोणी नाही.

ब्रिस्बेनची_बडोदेकरीण | १४ जून, पहाटे ४:५०

मी मांजलपूरची, आता पंधरा वर्षं ब्रिस्बेनला. जानेवारी २०११ चा इथला पूर मी बघितलाय, नवीन लग्न झालेलं, तळमजल्याचं घर, नदीपासून दीड किलोमीटर. त्या चार दिवसांत आम्ही टीव्हीपेक्षा क्वीन्सलँड पोलिसांचं फेसबुक पेज जास्त बघत होतो. कुठला रस्ता बंद, कुठे निवारा, पाणी कधी चढणार. बैठक चालू असतानाच त्यातली माहिती तिथे यायची. आणि अफवा आली रे आली की 'मिथबस्टर' असा हॅशटॅग लावून खोडायचे, धरण फुटलेलं नाही, अमुक पूल वाहून गेलेला नाही. बघता बघता पेजवर लाखाच्या वर माणसं झाली.

पण ते पेज पुराच्या दिवशी काढलेलं नव्हतं. त्यांनी मे २०१० पासून चाचणी म्हणून सुरू केलं होतं, आठ महिने चोऱ्यामाऱ्या आणि हरवलेली कुत्री टाकत हात बसला होता. वर कोणाला न विचारता काय लिहायचं आणि काय विचारून, हे पुराच्या आधीच ठरलेलं होतं. म्हणून म्हणते काका, पावसाळा तोंडावर आहे, आधी घाई करा.

सुरसागर_काठी | १४ जून, सकाळी ८:३०

ब्रिस्बेनताई अगदी अगदी! ऑगस्ट २०२४ आठवला. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट, ती पस्तीसच्या वर गेली होती, आम्ही तीन दिवस लाईट नाही, पाणी नाही, वरच्या मजल्यावर. काळ्या घोड्याच्या पुलाची पातळी आम्हाला कोण सांगत होतं माहितीये? आमच्या शेजारणीचा भाचा. तो तिथे कुठेतरी राहतो, दर तासाला फोटो काढून पाठवायचा, त्यावर आमची अख्खी सोसायटी जगत होती. आणि सोसायटीच्या ग्रुपवर रात्री दीडला मेसेज, आजवा धरण फुटलं, पळा. पळणार कुठे, खाली गळ्याएवढं पाणी आणि पार्किंगमध्ये मगर असल्याचा दुसरा मेसेज. मगर खरी होती, आजवा खोटं. बडोद्यात हे ओळखायचं कसं? दोन्ही तितकंच खरं वाटतं. कोणीतरी जबाबदार माणसाने एक ओळ लिहिली असती ना, सासूबाई रात्रभर रामरक्षा म्हणत बसल्या नसत्या.

छप्पनवाली | १४ जून, सकाळी ११:१०

इंदूरहून हजर. आमच्याकडे दोन गोष्टी बघून ठेवा. महापालिकेचं ३११ ॲप आहे, कचऱ्याचा, गटाराचा फोटो काढायचा, जागा आपोआप जाते, तक्रार नंबर मिळतो. आणि राज्याची सीएम हेल्पलाइन १८१, २०१४ पासून. त्यात एल-१ ते एल-४ अशा पायऱ्या आहेत, खालच्या अधिकाऱ्याने मुदतीत सोडवलं नाही की तक्रार आपोआप वरच्याकडे चढते. म्हणून इथे भांडणात पण लोक म्हणतात, एकसो इक्यासी लगा दूँगा. त्यात कोणाच्या टेबलावर आहे ते दिसतं, फेसबुकच्या कमेंटला टेबलच नसतं. तुमच्याकडे असं काही असेल तर पेजवर आलेली तक्रार तिकडे नोंदवून नंबर द्या, वेगळं दुकान मांडू नका.

आकड्यांच्या मागे लागलं की काय होतं ते पण सांगते. एका खात्याकडे, नाव नको, मी तक्रार केली होती. सातव्या दिवशी तिथल्या माणसाचा फोन, बाई तेवढी बंद करा ना, माझा रिपोर्ट खराब होतो. काम झालं का? नाही. मग बंद कशी करू? करा ना बाई, काम पण करतो. चार वेळा फोन आला, शेवटी बिचाऱ्याच्या आवाजाची दया येऊन केली बंद. काम अजून बाकी आहे. वर्ष झालं.

कंत्राटी_बोटं | १५ जून, रात्री १२:४०

बरेच दिवस नुसता वाचक होतो, ह्या धाग्यासाठी आयडी काढला.

काका तुमचा तो सुरतचा मुलगा म्हणजे मीच समजा. मी तो नाहीये पण तसाच एक आहे. एका सरकारी ऑफिसचं पेज आणि हँडल मी दोन वर्षं चालवलं, एजन्सीमार्फत, हातात अकरा हजार. पहिल्याच दिवशी सांगितलं की पेज काढ, सिम मागितलं तर म्हणाले तुझाच नंबर टाक आत्तापुरता. आत्तापुरता दोन वर्षं चालला. चार ठरलेली उत्तरं दिली होती. 'आपली तक्रार नोंदवली आहे.' 'संबंधित विभागास कळवले आहे.' 'कृपया तपशील डीएम करा', म्हणजे खासगी मेसेजने पाठवा. 'गैरसोयीबद्दल क्षमस्व.' ह्याच्या बाहेर एक शब्द लिहायचा नाही.

संबंधित विभाग म्हणजे एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यात मी स्क्रीनशॉट टाकायचो, निळ्या खुणा यायच्या, वाचलं सगळ्यांनी, उत्तर कोणाचं नाही. मधूनच एखादे साहेब नमस्काराचे हात टाकायचे. ते तक्रारीला होते का सकाळच्या सुविचाराला ते कळायचं नाही.

लोक शिव्या घालायचे त्याचं एवढं नाही, सवय होते. एक म्हातारे गृहस्थ होते, रोज रात्री साडेनऊला लिहायचे, दोन ओळी, नीट, शुद्ध मराठीत. त्यांचं काम कुठे अडलंय मला माहीत होतं, दुसऱ्या मजल्यावर एका बाईंच्या टेबलावर, एक सही बाकी, बाई बाळंतपणाच्या रजेवर आणि चार्ज कोणालाच दिला नव्हता. मी रोज त्यांना 'संबंधित विभागास कळवले आहे' लिहायचो. एकदा न राहवून स्वतःच्या अकाउंटवरून लिहिलं, आजोबा, दुसरा मजला, खिडकी पाच, पालव साहेबांना भेटा (नाव बदललंय). दुसऱ्या दिवशी त्यांचं काम झालं. तिसऱ्या दिवशी मला बोलावून विचारलं तुला हे लिहायला कोणी सांगितलं. महिनाअखेर मी सोडलं. पेज अजून माझ्याच नंबरवर आहे, मला मागायला कोणी आलेलं नाही, मीच दोनदा फोन केला होता.

त्या मुलावर रागावू नका एवढंच. आणि गिऱ्हाईक असतं त्या वेळी फोन करू नका.

दांडियाबाजारकर | १५ जून, सकाळी ७:३०

वाचून गप्प झालो. रागावलो नाही रे, पण त्याला पहिल्या फोनवर जरा साहेबी आवाजात बोललो होतो हे खरं. आज रात्री करतो नीट.

आबासाहेब_निवृत्त | १५ जून, सकाळी ७:४५

श्री. कंत्राटी बोटं यांचा अनुभव वाचला. माझ्या नियम ११ बद्दलच्या मतात बदल नाही. परंतु त्या गृहस्थांचे काम झाले हे बरे झाले.

भाषेबद्दल एक सुचवतो. ज्या भाषेत तक्रार, त्याच भाषेत उत्तर द्यावे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारातले शब्द आठ भाषांत समोरासमोर मांडलेला कोश करवून घेतला, श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू, १९३१. गुजराती, मराठी, हिंदी, संस्कृत, उर्दू, फारसी, बंगाली आणि इंग्रजी. ज्या गावात हे झाले त्या गावात ऑफिसच्या पेजवर गुजरातीत विचारलेल्याला इंग्रजीत 'काइंडली डीएम' हे शोभत नाही.

सयाजीगंजचा_सोट्या | १५ जून, सकाळी ९:०५

आबासाहेब रॉक्स. त्या कोशात डीएमला काय शब्द असेल? खलिता?

दांडियाबाजारकर | २१ जून, रात्री १०:१५

अपडेट देतो.

सुरतच्या मुलाशी बोललो, रात्री साडेदहाला. फार चांगला पोरगा. ओटीपी सांगितला, अर्ध्या तासात पेज ऑफिसच्या ईमेलवर आलं, वर म्हणाला साहेब माझे शेवटच्या महिन्याचे पैसे एजन्सीने दिले नाहीत ते बघा ना. हे मात्र माझ्या हिशेब खात्याचं काम, बघतोय. लोकांचे मोबाईल नंबर असलेल्या एकोणीस कमेंट स्क्रीनशॉट काढून रजिस्टरला चिकटवल्या आणि पेजवरून लपवल्या. त्या चार वेळा लिहिणाऱ्या बाईंना फोन केला. त्यांनी घर विकून दीड वर्ष झालं.

टिपण केलं, वीस नाही, साडेतीन पानं. फाइलताईंचा सांगाडा, गार्डसाहेबांचा 'कंट्रोल कोण' हा प्रश्न जसाच्या तसा, आणि पावसाळ्यात पूर-पाणी-बंद-चालू एवढी माहिती वरिष्ठांना न विचारता टाकायची मुभा. मागण्या तीन. ऑफिसचं सिम, रोज एक कनिष्ठ इंजिनियर आळीपाळीने पेजच्या ड्युटीला, आणि तक्रारीचं उत्तर चोवीस तासांत देण्याचा अधिकार त्यालाच. साहेबांनी मन लावून वाचलं, खोटं नाही बोलणार. सिम मंजूर. इंजिनियरवर 'चर्चा करावी' असा शेरा. चोवीस तास खोडून 'यथाशीघ्र'. पुराच्या मुभेवर प्रश्नचिन्ह. आणि समासात स्वतःहून लिहिलं, उद्घाटनासाठी बॅनर किती बाय किती?

फाइल_फिरवणारी | २१ जून, रात्री १०:४०

पहिल्या फेरीत सिम म्हणजे उत्तम आहे हो, मला सिमला पाच महिने लागले होते. 'चर्चा करावी' म्हणजे नाही असं नसतं, चहाच्या वेळी जा. आणि यथाशीघ्रच्या जागी परत चोवीस तास घालू नका, 'तीन कामकाजाचे दिवस' लिहा, तेवढं ते देतात.

छप्पनवाली | २२ जून, सकाळी ८:००

बॅनरवर झाडू नको फक्त :-D

दांडियाबाजारकर | ६ जुलै, दुपारी ४:२०

तर उद्घाटन झालं मंडळी. लॅपटॉपला हार घातला, नारळ वाढवला, साहेब दोन मिनिटं बोलले. हार कीबोर्डवर ओघळला आणि त्या झेंडूने एक बटण दाबून धरलं, नंतर कोणीतरी हार उचलताना एंटर, त्यामुळे आमच्या नव्या युगाची पहिली अधिकृत पोस्ट 'कककककककककक' अशी गेली. तिला आत्तापर्यंत बावीस लाईक आहेत, साहेबांच्या शुभेच्छा संदेशाला नऊ.

पहिली कमेंट बाबाजीपुऱ्यातल्या एका बाईंची, फोटोसकट. गल्लीच्या तोंडाशी खड्डा, तीन आठवडे झाले, त्यात कोणीतरी तुटकी प्लास्टिकची खुर्ची उभी केलीय, खुर्चीला लिंबाची फांदी आणि फांदीला केशरी कुर्त्याची पट्टी. खाली प्रश्न, हा तुमचा का? बास. मी ड्युटीवरच्या इंजिनियरला, म्हणजे अजून 'चर्चा करावी' मध्ये असलेल्याला, फोन केला. तो म्हणाला आपला नाही, दुसऱ्यांचा आहे. दुसऱ्यांना विचारलं, ते म्हणाले तुमचा. म्हणून संध्याकाळी घरी जाताना ॲक्टिव्हा तिकडे घातली. खुर्ची बाजूला केली, आत टॉर्च मारला तर तळाशी चिखलात आमच्याच ठेकेदाराच्या दोन रिकाम्या गोणी, छाप स्वच्छ वाचता येतोय. फोटो काढून इंजिनियरला पाठवला. निळ्या खुणा आल्या. नमस्काराचे हात आले. पण परवा सकाळी, म्हणजे ४ तारखेला, माणसं पण आली आणि खड्डा बुजवून गेली.

ब्रिस्बेनची_बडोदेकरीण | ६ जुलै, संध्याकाळी ५:००

अरे वा काका!! मग पेजवर लिहिलंत की नाही? लोकांना दिसू दे.

दांडियाबाजारकर | ६ जुलै, संध्याकाळी ६:१०

लिहिलं ना. म्हणजे मसुदा लिहिला. 'आपण दाखवलेला खड्डा आमच्याच कामाचा होता, आज सकाळी बुजवला आहे, उशीर झाला, माफ करा.' साहेब म्हणाले 'आमच्याच कामाचा होता' कशाला, उद्या कोणी पडलेला निघाला तर? मग झालं 'सदर खड्डा बुजविण्यात आला आहे'. मग ते कायदा सल्लागारांकडे गेलं, त्यांनी 'सदर' च्या आधी 'निदर्शनास आणून दिलेला कथित' घातलं. आता खड्डा कथित म्हटल्यावर बुजवण्याचा खर्च मी कुठल्या हेडखाली टाकू हा माझ्याच टेबलाचा प्रश्न झाला, ते मी विचारलं, तर कागद परत वर गेला. अजून आलेला नाही.

मधल्या काळात त्या बाईंनीच काल बुजवलेल्या खड्ड्याचा फोटो टाकला, खुर्ची आता त्यांच्या ओट्यावर आहे, आणि खाली लिहिलंय, बुजवला, थँक्यू. त्या थँक्यूला ऑफिसच्या नावाने लाईक द्यायचा का ते साहेबांना विचारलंय.

सयाजीगंजचा_सोट्या | ६ जुलै, संध्याकाळी ६:१४

टिपण टाका.